प्रश्न विचारण्याआधीचा अर्धा तास

प्रश्न : दोन वर्षांपासून मी एका लहान संघात प्रोग्रामर म्हणून काम करते. कोड लिहायला मला आवडते, पण काही अडले की धीर सुटतो. वरिष्ठांना विचारले की ते पाच मिनिटांत उत्तर काढतात आणि मला वाटत राहते, हे मलाच कसे दिसले नाही? हल्ली विचारायची लाज वाटते, म्हणून एआय सहायकाला विचारते, त्याने सुचवलेले बदल एकामागून एक करून बघते आणि शेवटी मूळ कोड कसा होता हेच आठवत नाही. सध्या चार गोष्टी अडल्या आहेत. अहवालातील बेरीज पडद्यावरील बेरजेशी ०.०१ ने जुळत नाही. सहायकाने सांगितल्यावरून फ्लोट (संख्या द्विमान पद्धतीत साठवणारा प्रकार) काढून डेसिमल (दशमान पद्धतीत साठवणारा प्रकार) वापरले, तरी फरक तसाच आहे. मराठी शब्दांचा शोध काही शब्दांसाठी लागतो, काहींसाठी लागत नाही, आणि लांब नावे शेवटी तुटतात. सर्व्हरवर काही नोंदींची तारीख एक दिवस आधीची दिसते, माझ्या संगणकावर मात्र सगळे बरोबर असते. आणि कधी कधी एकाच अर्जाच्या दोन नोंदी होतात, पण ते मला स्वतःला एकदाही घडवून दाखवता आलेले नाही. यांची उत्तरे हवी आहेत, आणि हे सतत विचारणे कमी कसे करावे तेही सांगा.

उत्तर : तुमची शेवटची विनंती आधी घेतो, कारण उरलेल्या चार अडचणींची वाटही तिथूनच जाते. विचारणे कमी करण्याची गरज मला दिसत नाही. विचारण्याआधी तुम्ही काय करता, ते मात्र बदलायला हवे. तुमचे वरिष्ठ पाच मिनिटांत उत्तर काढतात तेव्हा ते काय करतात हे एकदा बारकाईने पाहा. त्यांना उत्तर आधीपासून ठाऊक असते असे क्वचितच घडते. नेमका कोणता संदेश आला, कोणत्या नोंदीवर आला, हे काल चालत होते का, तेव्हापासून काय बदलले, असे ते तुम्हाला विचारतात, आणि ही माहिती तुमच्या तोंडून बाहेर पडत असतानाच चूक कोणत्या कोपऱ्यात असेल हे त्यांच्या ध्यानात येते. त्यांच्याकडे तुमच्यापेक्षा अधिक आहे ती हे प्रश्न विचारण्याची सवय, आणि ती कोणालाही लावून घेता येते.

लाजेबद्दल एवढेच सांगतो. केंब्रिज विद्यापीठात एडसॅक हा संगणक उभारणारे मॉरिस विल्क्स यांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे की १९४९ मध्ये, यंत्राची खोली आणि कागदी फिती छिद्रित करण्याची जागा यांच्यामध्ये ये-जा करताना, आपल्या उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग आपल्याच प्रोग्रॅममधील चुका शोधण्यात जाणार आहे, ही जाणीव त्यांना अचानक आणि पूर्ण तीव्रतेने झाली. हा व्यवसाय पहिल्या दिवसापासून असाच आहे. अडणे हा त्यातील अपघात मानू नका. कामाचे बहुतेक तास त्यातच जातात, आणि म्हणून ते तास कसे घालवायचे हे शिकण्यासारखे आहे.

अडल्यावर अर्धा तास राखून ठेवा आणि एका कोऱ्या पानावर तीन गोष्टी पूर्ण वाक्यांत लिहा: मी काय केले, काय व्हायला हवे होते, आणि प्रत्यक्षात काय झाले. ‘शोध चालत नाही’ हे या तिसऱ्या गोष्टीचे वर्णन होत नाही. त्यात पान उघडतच नाही, पान उघडते पण यादी रिकामी येते, यादी येते पण चुकीची येते, किंवा बरोबर यादी फार उशिरा येते, असे चार निरनिराळे प्रसंग मावतात आणि चौघांचे मूळ चार ठिकाणी असते. ‘पायऱ्या हा शब्द टाकल्यावर शून्य नोंदी मिळाल्या, मात्र तो शब्द असलेल्या तीन नोंदी तक्त्यात डोळ्यांना दिसतात’ हे वर्णन आहे. ते लिहिताना तुम्हाला तक्त्यात जाऊन बघावे लागते, आणि नेमके तेच बघणे आतापर्यंत राहून गेलेले असते.

एरर आली असेल तर ती शेवटपर्यंत वाचावी, हे मी आग्रहाने सांगतो, कारण घाईत लाल अक्षरे दिसताच खिडकी बंद करणारे अनेक हुशार लोक मी पाहिले आहेत. स्टॅक ट्रेस म्हणजे प्रोग्रॅम कोणत्या फंक्शनमधून कोणत्या फंक्शनमध्ये गेला आणि कोठे थांबला याचा माग. पायथनमध्ये एररचे नाव आणि कारण सर्वांत खालच्या ओळीत असते आणि तिच्यावर ती घडली ती जागा असते. जावामध्ये एक्सेप्शन वरच्या ओळीत दिसते, पण ते दुसऱ्या एखाद्या एक्सेप्शनला गुंडाळून आलेले असेल तर खरे मूळ खाली, ‘कॉज्ड बाय’ अशा शेवटच्या ओळीपाशी सापडते. मागातील बहुतेक ओळी लायब्ररीच्या, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडच्या, असतात. त्यांतून स्वतःच्या फाइलचे नाव असलेली ओळ शोधा, त्या ओळीवर थांबा आणि तेथील प्रत्येक व्हेरिएबलमध्ये त्या क्षणी काय होते ते डीबगरने (प्रोग्रॅम मध्येच थांबवून आत पाहण्याच्या साधनाने) किंवा लॉगमध्ये (प्रोग्रॅमच्या नोंदवहीत) छापून बघा. काय असायला हवे याचा विचार त्या वेळी बाजूला ठेवावा.

यानंतर आवाका कमी करत जा. हजार नोंदींवर चुकणारे काम दहा नोंदींवर चुकते का, एका नोंदीवर चुकते का, हे तपासत जावे; अनेकदा ती एक नोंद समोर येताच दुसरे काही करावे लागत नाही. पूर्वी चालणारे काम आता चालत नसेल तर गिट या कोडचा इतिहास जपणाऱ्या साधनातील बायसेक्ट ही आज्ञा वापरा. चांगला आणि बिघडलेला असे दोन कमिट (इतिहासात नोंदवलेल्या कोडच्या अवस्था) सांगितले की ते मधला कमिट पुढे ठेवते, तुम्ही चांगला की वाईट एवढेच सांगता आणि प्रत्येक वेळी निम्मा इतिहास बाद होतो, त्यामुळे हजार कमिटमधून दोषी कमिट साधारण दहा पायऱ्यांत हाती लागतो. आणि अगदी सुरुवातीला, आपण बदलत असलेला कोडच चालतो आहे याची खात्री करून घ्यावी. नवखा असताना मी एका फाइलमध्ये दोन दिवस दुरुस्त्या करत राहिलो आणि निकालात तसूभरही फरक पडला नाही, कारण सर्व्हर दुसऱ्या फोल्डरमधील त्याच नावाची जुनी प्रत चालवत होता. तेव्हापासून, बदल करूनही काहीच बदलत नसेल तर मी त्या ओळीवर मुद्दाम एरर फेकतो. ती एरर दिसली नाही तर उत्तर तिथेच मिळते.

आता तुमच्या बेरजेकडे वळू. सहायकाने तुम्हाला एका प्रसिद्ध प्रश्नाचे उत्तर दिले, पण तुमचा प्रश्न बहुधा तो नाही. फ्लोटची अडचण अशी की १९८५ च्या आयईईई ७५४ या मानकानुसार संख्या द्विमान पद्धतीत साठवल्या जातात, आणि जसे एक-तृतीयांश दशमान पद्धतीत ०.३३३ असे कधीच संपत नाही, तसे ०.१ द्विमान पद्धतीत संपत नाही. म्हणून ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी येते. हा फरक सतराव्या दशांश स्थानावर आहे. तुमचा फरक दुसऱ्या स्थानावर, नेमका ०.०१ आहे, आणि या आकारातच निदान दडलेले आहे. सामान्य रकमांच्या काही शे ओळी मिळवून फ्लोटची चूक इतकी वाढत नाही. मात्र पूर्णांकन दोन ठिकाणी दोन प्रकारे होत असेल तर फरक अगदी असाच दिसतो. समजा तीन ओळींची रक्कम प्रत्येकी १.००४ आहे. अहवालाने प्रत्येक ओळ दोन स्थानांपर्यंत पूर्णांकित करून मग बेरीज घेतली तर ३.०० येते, आणि पडद्याने आधी बेरीज करून ३.०१२ चे पूर्णांकन केले तर ३.०१ येते. डेसिमल वापरा किंवा आणखी काही, हा फरक हटणार नाही, कारण दोन्ही गणिते आपापल्या जागी बरोबर आहेत. यांपैकी कोणते खरे मानायचे हा व्यवहाराचा निर्णय आहे; तो हिशेब सांभाळणाऱ्यांकडून लेखी घ्या आणि तो नियम एकाच फंक्शनमध्ये लिहून दोन्ही ठिकाणी तेच वापरा.

हे करताना नेमक्या अर्ध्यावर येणारी संख्याही तपासा. पायथन ३ मधील राउंड हे फंक्शन २.५ चे २ करते आणि ३.५ चे ४, म्हणजे जवळच्या सम संख्येकडे जाते. अनेक डेटाबेस आणि स्प्रेडशीट २.५ चे ३ करतात. डेसिमल तुम्ही आता आणलेच आहे तर ते ठेवा, रकमांसाठी ते योग्यच आहे. मात्र पायथनमध्ये ते मजकुरातून बनवा, फ्लोटमधून बनवू नका, नाहीतर ०.१ ची जुनी त्रुटी नव्या नावाने आत येते.

मराठी मजकुराच्या प्रश्नावर मी अधिक वेळ घेणार आहे, कारण परकीय भाषांतील मार्गदर्शनात त्याची उत्तरे सहसा मिळत नाहीत आणि तो आपल्यालाच सोडवायचा आहे. आधी तुटणारी नावे. मजकूर बाइटच्या, म्हणजे संगणकाच्या साठवणुकीच्या लहान एककांच्या, रूपात लिहिण्याची यूटीएफ-८ ही पद्धत केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये रचली. तिच्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन. चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे, हे लक्षात ठेवा. ‘मराठी’ या शब्दात वाचणाऱ्याला तीन अक्षरे दिसतात, पण युनिकोडच्या, म्हणजे सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकाच्या, दृष्टीने त्यात म, र, काना, ठ आणि वेलांटी असे पाच कोडपॉइंट (क्रमांक दिलेली चिन्हे) आहेत आणि ते पंधरा बाइट घेतात. ‘क्षि’ हे एकच अक्षर क, हलन्त, ष आणि वेलांटी मिळून चार कोडपॉइंट आणि बारा बाइटचे आहे. तुमच्या नावाच्या रकान्याला किंवा मधल्या एखाद्या टप्प्याला ५० बाइटची मर्यादा असेल, तर सलग लिहिलेल्या मराठी मजकुराची १६ चिन्हे ४८ बाइटमध्ये बसतात आणि सतराव्या चिन्हाचे दोनच बाइट आत येतात. त्या अर्धवट चिन्हाचा अर्थ लागत नाही, म्हणून शेवटी चौकट किंवा प्रश्नचिन्ह उमटते. तुटलेल्या एका नावाचे बाइट मोजा. आकडा एखाद्या ठरावीक मर्यादेला येऊन थांबत असेल तर कारण सापडले.

मर्यादा वाढवल्यावरही पडद्यावर मजकूर आखूड करून दाखवायचा असेल तर कोडपॉइंट मोजून कापू नका, कारण मग मात्रा किंवा हलन्त मागे सुटून अक्षर बदलते. ‘शक्ती’ हा शब्द हलन्तावर कापला तर ‘शक्’ उरतो. यासाठी युनिकोडने अक्षरगुच्छाच्या, म्हणजे वाचणाऱ्याला एकच अक्षर म्हणून दिसणाऱ्या चिन्हसमूहाच्या, सीमा ठरवणारे नियम दिले आहेत आणि बहुतेक भाषांत ते पाळणाऱ्या लायब्ररी उपलब्ध आहेत. देवनागरी जोडाक्षर मध्ये तुटू नये असा नियम त्यांत २०२३ च्या १५.१ आवृत्तीपासून आला, तेव्हा जुनी लायब्ररी ‘क्षि’ चे दोन तुकडे करू शकते. लांबी मोजताना कोणत्या भाषेत काय मोजले जाते हेही पाहा: पायथन कोडपॉइंट मोजते, जावास्क्रिप्ट यूटीएफ-१६ ची एकके मोजते, आणि काही डेटाबेस बाइट मोजतात. देवनागरीसाठी पहिल्या दोहोंचे उत्तर एकच येते, म्हणून फरक लक्षात येत नाही. नावाशेजारी इमोजी आली की तो दिसतो. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ‘यूटीएफ८’ नावाचा जुना संच तीनच बाइटपर्यंत जात असे आणि चार बाइटच्या इमोजीसाठी ‘यूटीएफ८एमबी४’ निवडावा लागतो, हेही या निमित्ताने पाहून घ्या.

शोधाचे कोडे याहून सूक्ष्म आहे. ‘पायऱ्या’ आणि ‘पायर्‍या’ हे दोन शब्द तुम्हाला सारखेच दिसत असतील, पण ते एकच नाहीत. पहिल्यात ऱ हे स्वतंत्र चिन्ह, म्हणजे यू+०९३१, आणि पुढे हलन्त आहे. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे यू+२००डी हा डोळ्यांना न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक आहे. कोणता कीबोर्ड वापरला यावर यांपैकी काय टंकले जाते हे ठरते, आणि डेटाबेस बाइटची तुलना करत असेल तर त्याच्या दृष्टीने हे दोन निराळे शब्द आहेत. ‘ॲप’ आणि ‘अ‍ॅप’ यांचेही तसेच: ॲ हे स्वतंत्र चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली आले, त्याआधी अ, जोडक आणि चंद्र असे तिघांना एकत्र करून ते लिहावे लागे, आणि आजही पुष्कळ मजकूर तसाच लिहिलेला असतो. तुमचा शोध नेमका याच शब्दांवर अडत असावा, असा माझा कयास आहे. तो पडताळणे सोपे आहे: सापडलेला एक आणि न सापडलेला एक शब्द घेऊन त्यांचे कोडपॉइंट एकाखाली एक छापा.

येथे बहुतेकांना युनिकोडचे एनएफसी सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची समतुल्य रूपे एका रूपात आणणे, सुचवले जाते. ते अवश्य करा, पण त्यावर विसंबू नका. र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) असे जोडून लिहिलेला ऱ त्याने एकरूप होतो. जोडक वापरून लिहिलेला ऱ किंवा अ‍ॅ मात्र तसाच राहतो, कारण युनिकोड त्या जोड्यांना समतुल्य मानत नाही. म्हणून स्वतःचे एक लहान फंक्शन लिहावे लागेल, जे र, हलन्त आणि जोडक या क्रमाचे ऱ आणि हलन्त असे रूपांतर करेल, अ, जोडक आणि चंद्र यांचे ॲ करेल, आणि उरलेले अदृश्य जोडक व विजोडक (अक्षरे जुळू न देणारे अदृश्य चिन्ह) काढून टाकेल. हा क्रम पाळणे महत्त्वाचे आहे. जोडक आधीच काढून टाकलात तर ‘पायर्‍या’चा ‘पायर्या’ होईल, म्हणजे रफार येऊन शब्दच बदलेल. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन अर्थ आपली भाषा याच खुणेवर वेगळे ठेवते. मूळ मजकूर वापरकर्त्याने लिहिला तसाच जपा, शोधासाठी एक जादा रकाना ठेवा, त्यात या फंक्शनमधून गेलेला मजकूर भरा आणि शोधायचा शब्दही त्याच फंक्शनमधून नेऊन मग जुळवा. १२ आणि 12 अशा दोन प्रकारच्या अंकांनाही त्याच फंक्शनमध्ये एकरूप करता येईल.

तारखेच्या बाबतीत तुम्ही एक मौल्यवान शब्द लिहिला आहे: ‘काही’ नोंदी. कोणत्या काही? चुकलेल्या नोंदी वेळेनुसार लावा. सर्व्हर यूटीसी ही जगभराची प्रमाण वेळ पाळत असेल आणि वापरकर्त्यांची वेळ यूटीसीच्या पुढे असेल, तर मध्यरात्रीनंतरच्या पहिल्या काही तासांत केलेल्या नोंदींनाच आदल्या दिवसाची तारीख लागेल, आणि ते तास नेमके दोन वेळांमधील अंतराइतके असतील. तसे दिसले तर कारण नक्की झाले. चुका दिवसभर विखुरलेल्या असतील तर माझा तर्क चुकीचा आहे आणि दुसरीकडे पाहावे लागेल. तुमच्या संगणकावर सगळे बरोबर दिसते, कारण तो स्थानिक वेळ पाळतो. सर्व्हरचे घड्याळ स्थानिक वेळेला लावून हा प्रश्न मिटवू नका, तो पुढच्या सर्व्हरवर परत येईल. एखादी गोष्ट कोणत्या क्षणी घडली हे साठवताना यूटीसी वापरा आणि दाखवताना वापरकर्त्याच्या वेळेत बदला. जन्मतारखेला मात्र वेळच नसते, म्हणून ती निव्वळ तारीख म्हणून साठवा. भविष्यातील भेटीची वेळ ठेवायची असेल तर स्थानिक वेळ आणि प्रदेशाचे नाव अशी दोन्ही जपा, कारण सरकारे आपल्या घड्याळांचे नियम बदलत असतात. जावास्क्रिप्टमध्ये ‘२०२४-०१-१५’ असा नुसता दिनांक यूटीसी मानला जातो, पण त्याला टाइमझोनशिवाय वेळ जोडली की तोच स्थानिक मानला जातो, आणि महिने शून्यापासून मोजले जातात; या दोन गोष्टींनी माझ्या ओळखीच्या प्रत्येक विकासकाला कधी ना कधी चकवले आहे.

एआय सहायकाचा वापर थांबवा असे मी म्हणणार नाही. पण त्याला तुमचा तक्ता, तुमचा सर्व्हर आणि तुमचे लॉग दिसत नसतील तर तुमच्या वर्णनाशी सर्वाधिक जुळणाऱ्या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर तो देतो, जसे त्याने बेरजेबाबत दिले. वर सांगितलेले पान त्याच्यापुढे ठेवा आणि उपाय मागण्याऐवजी, या लक्षणांची संभाव्य कारणे कोणती आणि प्रत्येकाची खातरजमा कशी करता येईल, असे विचारा. बदल करण्याआधी कमिट करा, एका वेळी एकच बदल करा, त्याने फरक पडला नाही तर तो मागे घ्या आणि मगच पुढचा करा. मूळ कोड आठवत नाही ही तुमची तक्रार एवढ्याने संपेल.

आणि अर्ध्या तासानंतरही अडलेलेच असेल, तर ते पान घेऊन निःसंकोच वरिष्ठांकडे जा. जे करून पाहिले तेही सांगा, आणि मुळात काय साधायचे आहे ते आधी सांगा. मजकुराची शेवटची तीन चिन्हे कशी काढायची, असे कोणी विचारते तेव्हा त्याला बहुधा फाइलचा प्रकार ओळखायचा असतो, आणि काही फाइलनावांत ती चिन्हे तीन नसून चार असतात. अशा तयारीने आलेला प्रश्न वरिष्ठांना ओझे वाटत नाही. मला स्वतःला तो नेहमी आवडतो.

शेवटचा प्रश्न, म्हणजे दोनदा होणारी नोंद, मी मुद्दाम मागे ठेवला आहे, कारण तुम्ही लिहिले आहे की ती घडवून दाखवता येत नाही आणि त्यामुळे ती किरकोळ मानून सोडून देण्याचा मोह होईल. थेरॅक-२५ या किरणोपचाराच्या यंत्राची हकीकत या ठिकाणी सांगायलाच हवी. १९८५ ते १९८७ या काळात त्याच्या सहा ज्ञात अपघातांत रुग्णांना ठरलेल्या प्रमाणाच्या कितीतरी पट किरण बसले आणि काहींचा त्यात मृत्यू झाला. १९८६ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात टायलर येथे असे दोन अपघात झाले, तेव्हा पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ एवढाच संदेश होता आणि निर्मात्यांच्या अभियंत्यांना तो परत घडवता येत नव्हता. तेथील रुग्णालयाच्या भौतिकतज्ज्ञाने यंत्र चालवणाऱ्या सहकारी महिलेबरोबर बसून, तिने काय आणि कसे टंकले होते ते पुन्हा पुन्हा करून पाहिले, आणि त्यांच्या लक्षात आले की टंकलेली चूक दुरुस्त करताना तिचा सरावलेला हात फार वेगाने चालतो तेव्हाच तो बिघाड घडतो. माहिती भरणारा आणि यंत्र मांडणारा असे प्रोग्रॅमचे दोन भाग एकाच वेळी चालत होते आणि वेगाने केलेला बदल दुसऱ्या भागाच्या नजरेतून निसटत होता. सावकाश टंकणाऱ्या अभियंत्यांना तो दिसणे शक्यच नव्हते.

तुमच्या कोडमध्ये, या क्रमांकाचा अर्ज आधी आहे का हे तपासून, नसेल तर नोंद घालणे, अशी दोन पावले असावीत. एकाच अर्जाच्या दोन विनंत्या, बटण दोनदा दाबल्यामुळे किंवा नेटवर्कने पुन्हा पाठवल्यामुळे, जवळजवळ एकत्र आल्या, तर दोन्ही आधी तपासतात, दोघींनाही ‘नाही’ असे उत्तर मिळते आणि दोन्ही नोंद घालतात. तुम्ही एकट्या, एकदाच बटण दाबून हे कधीही पाहू शकणार नाही. म्हणून चाचणीच्या प्रतीवर त्या दोन पावलांच्या मधोमध मुद्दाम पाच सेकंदांचा थांबा घाला, दोन खिडक्या उघडा आणि एकच अर्ज दोन्हींतून पाठोपाठ पाठवा. माझा तर्क बरोबर असेल तर पहिल्याच प्रयत्नात दोन नोंदी दिसतील.

त्या दिसल्या की कोडमधील तपासणीवर भिस्त न ठेवता डेटाबेसमध्ये अर्ज क्रमांकावर युनिक निर्बंध (तोच क्रमांक दुसऱ्यांदा न स्वीकारण्याचा नियम) लावा आणि तो थांबा तसाच ठेवून प्रयोग पुन्हा करा. आता एकच नोंद होईल आणि दुसऱ्या खिडकीला डेटाबेसची एरर मिळेल. ती पकडून वापरकर्त्याला ‘तुमचा अर्ज आधीच पोहोचला आहे’ असे सांगा. खऱ्या डेटाबेसवर मात्र हा निर्बंध लगेच लागणार नाही, कारण जुन्या दुहेरी नोंदी त्याच्या आड येतील. त्यांची यादी काढा, प्रत्येक जोडीतील कोणती नोंद ठेवायची हे त्या अर्जांवर काम करणाऱ्या सहकाऱ्यांबरोबर बसून ठरवा, आणि काढून टाकायच्या नोंदींशी आणखी कोठे संबंध जोडले गेले आहेत का हे पाहिल्याशिवाय एकही पुसू नका.